सोसायटीचा लॅपटॉप, काकांचा दीड जीबी

आमची सोसायटी कोथरूडला, डहाणूकर कॉलनीत. सोळा फ्लॅट. हिशेबासाठी सोसायटीच्या मालकीचा एक लॅपटॉप आहे. तो पार्किंगमधल्या खोलीत, लोखंडी कपाटात कुलूपबंद असतो आणि महिन्यातून चार-पाच वेळा बाहेर निघतो. एक तारखेच्या आसपास मेंटेनन्सची बिलं काढून ईमेलने पाठवायची, बँकेचं स्टेटमेंट उतरवून कोणाचे पैसे आले, कोणाचे नाहीत ते जुळवायचं, ताळेबंदाच्या वेळी ऑडिटरला कागद धाडायचे. सप्टेंबर संपायच्या आत वार्षिक सभा घ्यावी लागते, तेव्हा परगावचे एक-दोन फ्लॅटमालक व्हिडिओवरून हजेरी लावतात. याहून जास्त काम त्या लॅपटॉपला नाही.

खोलीत इंटरनेट नाही. खजिनदार काका आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम उरकतात. काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. त्यांचा मोबाइल 4जी. तेव्हाचा प्लॅन जिओचा, 299 रुपयांचा, 28 दिवसांचा, रोज दीड जीबी. व्हॉट्सअ‍ॅप, ई-पेपर आणि संध्याकाळचं कीर्तन एवढ्याला तो पुरून उरतो. रात्री बारा वाजता उरलेला डेटा वाया जातो याचं काकांना मनातून वाईट वाटतं, पण इलाज नसतो.

तक्रार अशी की बिलाच्या दिवशी हा दीड जीबी पुरत नव्हता. काका सकाळी दहाला बसायचे आणि बिलं निम्मी व्हायच्या आत मोबाइलवर मेसेज यायचा, आजचा डेटा 100 टक्के वापरला. त्यानंतर स्पीड 64 केबीपीएस. कागदावर म्हणायचं तर इंटरनेट चालू असतं. पण 64 किलोबिट म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. एक एमबीचं बँक स्टेटमेंट उतरायला दोन मिनिटांच्या वर, आणि दहा एमबीची स्कॅन केलेली फाइल ऑडिटरला पाठवायला वीस मिनिटांहून जास्त. तेवढा वेळ बँकेची साइट कशाला थांबते? ओटीपी येतो, तो टाकेपर्यंत पान मरतं, पुन्हा पहिल्यापासून लॉगिन. काका वैतागून लॅपटॉप मिटायचे आणि उरलेली बिलं रात्री बारानंतर, नवा कोटा आल्यावर पाठवायचे. सत्तरीच्या माणसाने मेंटेनन्सच्या बिलांसाठी मध्यरात्रीपर्यंत जागायचं, हे काही बरं दिसत नव्हतं.

विषय समितीच्या बैठकीत आला. आपल्याकडे समितीची बैठक म्हटली की उत्तरं आधी येतात आणि प्रश्न मागाहून. चेअरमन म्हणाले, ब्रॉडबँड घेऊन टाका. सेक्रेटरी म्हणाल्या, काकांनी मोठा प्लॅन घ्यावा, फरकाचे पैसे सोसायटी देईल. एकाने डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचं इंटरनेटचं छोटं यंत्र, सुचवलं, एकाने कंपनी बदला म्हटलं. मी समितीत नवी, आणि नोकरी आकडेमोडीची, त्यामुळे "तूच बघ आता काय स्वस्त पडतं ते" असं म्हणून काम माझ्या गळ्यात आलं.

आधी भाव काढले. इथले आकडे आम्ही पाहिले तेव्हाचे, मोबाइलचे जुलै 2024 च्या दरवाढीनंतरचे आहेत. त्या महिन्यात जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनीही आठवड्याच्या आत दर वाढवले होते. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. पोस्टपेड आणि ब्रॉडबँडवर तो 18 टक्क्यांनी वरून लागतो. जाहिरातीतला आकडा आणि बिलातला आकडा यांत इथेच फरक पडतो.

28 दिवसांचा प्लॅन वर्षाला बारा वेळा नाही, तेरा वेळा भरावा लागतो, कारण 28 गुणिले 13 म्हणजे 364. काकांचा खर्च म्हणून वर्षाला 3,887 रुपये. रोज दोन जीबीचा प्लॅन 349 चा, तो तेरा वेळा भरला की 4,537. फरक 650 रुपयांचा. ब्रॉडबँडचा सगळ्यात खालचा प्लॅन 399 अधिक जीएसटी, म्हणजे महिन्याला 471 आणि वर्षाला साधारण 5,650. वर राउटरला चोवीस तास वीज. आणि हे काकांच्या मोबाइलच्या खर्चाव्यतिरिक्त, कारण ब्रॉडबँड आलं म्हणून काका मोबाइल बंद करणार नाहीत. महिन्यातून चार-पाच वेळा उघडणाऱ्या लॅपटॉपसाठी हे मला पटलं नाही. डोंगलमध्ये दुसरं सिम लागतं, त्या सिमला स्वतःचा प्लॅन लागतो आणि डोंगलही विकत घ्यावं लागतं. ते तिथेच सोडलं.

650 रुपये जास्त भरून दोन जीबीचा प्लॅन घेणं वरवर शहाणपणाचं दिसतं. वर्षभरात 182 जीबी जास्त मिळतात, म्हणजे जीबीला साडेतीन रुपयांच्या आसपास. याहून स्वस्त काय असणार? पण हे 182 जीबी एकदम हाताला लागत नाहीत. रोज अर्धा जीबी, आणि तोही त्या दिवसापुरता. काकांना जादा डेटा हवा असतो तो बिलाच्या दिवशी, सभेच्या दिवशी, ऑडिटच्या आठवड्यात. त्या दिवशी त्यांना मिळणार फक्त अर्धा जीबी जास्त. बाकीच्या दिवसांचा अर्धा जीबी रात्री बाराला गेला. रोजच्या कोट्याचे प्लॅन रोज सारखंच वापरणाऱ्यासाठी बेतलेले असतात. अधूनमधून लॅपटॉप उघडणाऱ्याचा वापर तसा नसतो. त्याचे वीस दिवस कोरडे जातात आणि एक दिवस एकदम भरून येतो. म्हणून जीबीमागे किती रुपये हा हिशेब इथे फसवतो. विचारायचं ते असं की नेमक्या त्या दिवशी हाताशी किती जीबी असतील.

हे धरून पुन्हा यादी पाहिली. रोजच्या प्लॅनवर वरून टाकायचे जादा पॅक सगळ्याच कंपन्यांकडे असतात, पण आपण ते एरवी पाहतच नाही. आम्ही पाहिलं तेव्हा 49 रुपयांना एका दिवसाचा पॅक होता. जिओचा 25 जीबीचा, एअरटेलचा 20 जीबीचा. दोघांकडेही 11 रुपयांना एका तासासाठी 10 जीबी होते. 50 जीबीचा तीस दिवसांचा पॅकही होता, साडेतीनशेच्या थोडा वर. आता 650 रुपयांत 49 चे पॅक किती येतात? तेरा, 637 रुपयांत. म्हणजे त्याच पैशात दर 28 दिवसांना एक पूर्ण दिवस वीस-पंचवीस जीबीचा. रोजच्या अर्ध्या जीबीपेक्षा काकांना हेच उपयोगी होतं.

इथे थांबले असते तरी काम भागलं असतं. पण मला एक गोष्ट खटकत होती. सोळा बिलांच्या पीडीएफ सगळ्या मिळून दोन एमबीच्या आत बसतात. बँकेची साइट, ईमेल, एक्सेलच्या चार फाइली, कितीही ताणलं तरी शंभर-दीडशे एमबी. मग दीड जीबी दीड तासात जातो कुठे?

ते शोधायला बाहेरचं काही लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या भागात डेटा युसेज नावाचं पान असतं. गेल्या तीस दिवसांत कुठल्या प्रोग्रॅमने किती डेटा घेतला ते तिथे उतरत्या क्रमाने दिसतं. काकांना शेजारी बसवून ते पान उघडलं. ब्राउझर, ज्यात सोसायटीचं सगळं काम होतं, तो यादीत बराच खाली. वर होतं विंडोजचं अपडेट, त्याखाली वनड्राइव्ह, म्हणजे फाइलींची प्रत इंटरनेटवर ठेवणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम. वनड्राइव्ह स्कॅन केलेल्या जुन्या पावत्यांचा अख्खा फोल्डर निमूटपणे वर चढवत बसलं होतं. ते चालू आहे हे काकांच्या गावीही नव्हतं.

"म्हणजे मी बिलं काढतोय आणि हा स्वतःचंच काहीतरी करतोय?" काका म्हणाले.

तसंच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र असते, नवे अपडेट सोडतं. महिन्याचं अपडेट काहीशे एमबीपासून एक जीबीच्या वरपर्यंत असू शकतं, आणि वर्षातून एकदा येणारं मोठं अपडेट त्याच्या कितीतरी पट. घरात रोज चालणारा लॅपटॉप हे थोडंथोडं करून घेतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आमचा लॅपटॉप दोन-तीन आठवडे कपाटात असतो आणि उठतो तो उपासाचं पारणं फेडायलाच. वाय-फाय दिसलं रे दिसलं की सगळी थकबाकी एकदम ओढायला लागतो. त्यामुळे क्वचित वापरला जाणारा लॅपटॉप कमी डेटा खाईल ही आपली समजूत त्या एका दिवसापुरती उलटी ठरते.

त्यात मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला घरच्या वाय-फायसारखाच दिसतो. पलीकडे कोणाचा तरी मोजून मिळणारा दीड जीबी आहे हे त्याला आपणहून कळत नाही, ते सांगावं लागतं. वाय-फायच्या यादीत काकांच्या हॉटस्पॉटचं नाव, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन, ते चालू. इतकंच. मग विंडोज बहुतेक अपडेट थांबवून ठेवतं आणि वनड्राइव्हही पुढे ढकलतं. ही खूण त्या एका नावापुरती असते. काकांनी उद्या नवा मोबाइल घेतला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं तर ती पुन्हा करावी लागेल. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर हे लिहून ठेवलंय.

पुढचं एक तारखेचं काम काकांनी रोजच्याच दीड जीबीत केलं. संध्याकाळी कीर्तनही झालं.

पण अपडेट थांबवणं आणि अपडेट न करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या लॅपटॉपवरून सोसायटीच्या बँक खात्यात लॉगिन होतं. सुरक्षेची अपडेट महिनोन्महिने अडवून ठेवली तर वाचवलेल्या पैशाचा उपयोग काय? तेव्हा अपडेट करायचीच, पण आपल्या सोयीच्या वेळी. माझ्या घरी ब्रॉडबँड आहे. महिन्यातून एकदा लॅपटॉप तिसऱ्या मजल्यावर येतो, रात्रभर चार्जिंगला राहतो, पोट भरून खाली जातो. मग सगळंच काम तुमच्या वाय-फायवर का नाही, असं सेक्रेटरींनी विचारलं. काकांनीच नकार दिला. सोसायटीचं खातं सभासदाच्या घरात बसून उघडायचं नाही, हा त्यांचा बँकेतला जुना शिरस्ता. शिवाय मी पुढच्या समितीत असेनच असं नाही, आणि माझ्या घराला कुलूप असलं की काम अडणार.

घराला कुलूप असलं तर काय, याचं उत्तर 11 रुपयांच्या तासाच्या पॅकमध्ये होतं. पण त्यातही एक खोच आहे. एका तासात 10 जीबी खरोखर उतरवायचे तर सलग 22 एमबीपीएसचा स्पीड हवा. पार्किंगच्या खोलीला तिन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती. तिथे स्पीड तपासला तर सहाच्या आसपास. त्या स्पीडने तासाभरात पावणेतीन जीबीच्या आत-बाहेर उतरतं. महिन्याच्या अपडेटला तेवढं पुरतं, वर्षाच्या मोठ्या अपडेटला पुरेलच असं नाही. मोबाइल गेटकडच्या खिडकीत ठेवला की आकडा दुप्पट झाला. म्हणून मोबाइल खिडकीत आणि लॅपटॉप टेबलावर, मधे हॉटस्पॉट. यूएसबी केबलने जोडलं तर मोबाइलची बॅटरी टिकते, पण मग मोबाइल टेबलाजवळच ठेवावा लागतो आणि रेंज जाते. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेली लांब केबल आता मोबाइलच्या चार्जरला लावलीय, तिचा तोच उपयोग बरा.

रेंजचा हा प्रकार कंपनी बदलण्याच्या सूचनेलाही लागू झाला. व्हीआयच्या काही प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवार न वापरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. काकांच्या वाया जाणाऱ्या डेटाला हा उतारा चांगला होता आणि मला तो मनापासून आवडलाही होता. पण शेजाऱ्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे मोबाइल घेऊन खोलीत उभी राहिले, तेव्हा काकांचीच कंपनी तिथे सगळ्यात बरी निघाली. प्लॅन कितीही सोयीचा असो, बसायच्या जागी रेंज नसेल तर तो घेऊन करायचं काय? शिवाय एकदा पोर्ट केलं की 90 दिवस पुन्हा बदलता येत नाही. ज्यांना हा प्रयोग करायचाय त्यांनी आधी त्या जागी, कामाच्या वेळी, ओळखीच्याचा मोबाइल मागून स्पीड पाहावा. सकाळी अकराचा आणि रात्री नऊचा आकडा एक नसतो.

पोस्टपेडही तपासलं, कारण तिथे रोजचा कोटा नसून महिन्याचा एकत्र साठा मिळतो, आणि आमच्या वापराला तो नेमका बसतो. 349 चा प्लॅन, 30 जीबी. जीएसटी धरून महिन्याला 412, वर्षाला 4,942. काकांच्या आधीच्या खर्चापेक्षा हजाराने जास्त. गळती बंद झाल्यावर 30 जीबीची गरजच उरली नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. काकांनी 28 दिवसांऐवजी 84 दिवसांचा प्लॅन घेतला. रोजचा दीड जीबी तोच, किंमत 799. दिवसाला 10 रुपये 68 पैशांचे 9 रुपये 51 पैसे झाले. 364 दिवसांचा हिशेब केला तर 3,887 ऐवजी 3,462, म्हणजे 425 रुपयांची बचत. तेवढ्यात 49 चे आठ पॅक येतात. आम्हाला वर्षाकाठी तीन-चारच लागतील, वार्षिक सभेला एक आणि ऑडिटच्या धांदलीत दोन-तीन. म्हणजे लॅपटॉपचं इंटरनेट धरूनही एकूण खर्च आधीपेक्षा कमी.

सभेसाठी 49 चा पॅक का, तर झूमवर अनेकांच्या व्हिडिओ बैठकीला तासाला साधारण 810 एमबीपासून 2.4 जीबीपर्यंत डेटा लागतो. चित्र जेवढं स्वच्छ, तेवढा जास्त. आमची सभा दोन तासांत संपल्याचं कोणाच्या आठवणीत नाही, पार्किंगचा विषय निघाला की तर नाहीच. एक दिवसाचा पॅक 24 तासांचा की त्या रात्री बारापर्यंतचा हे त्याच्या तपशिलात लिहिलेलं असतं. आम्ही तो सकाळीच टाकायचा नियम केला, म्हणजे वाद नको. हे जादा पॅक मूळ प्लॅन चालू असेल तरच कामाला येतात, तेव्हा 84 वा दिवस सभेच्या आदल्या दिवशी येत नाही ना हेही पाहून ठेवायचं.

काकांचा मोबाइल 5जी असता तर माझं उत्तर वेगळं असतं. जुलै 2024 पासून जिओचं अमर्याद 5जी रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवरच मिळतं. हातात 5जी मोबाइल आणि खोलीत 5जी रेंज, दोन्ही असेल तर 650 रुपये जास्त भरून 349 चा प्लॅन घ्यावा आणि हा सगळा उपद्व्याप विसरून जावा. पण केवळ त्यासाठी चांगला चालणारा मोबाइल बदलायला काका तयार नाहीत, आणि मीही त्यांना ते सुचवणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पैसे कोणी द्यायचे यावर. काका सोसायटीकडून एक रुपयाही घ्यायला तयार नव्हते. "मोबाइल माझा, कीर्तन मी ऐकतो, त्याचे पैसे सभासदांनी का द्यायचे?" चेअरमननी त्यांना समजावलं की पुढचा खजिनदार एवढा उदार असेलच असं नाही. आज खर्च वहीत दिसला नाही, तर उद्या तो मागणाऱ्यालाच सगळे विचारतील की आधीचे काका तर फुकट करायचे. मुद्दा बिनतोड होता. समितीची मुदत पाच वर्षांची असते, खजिनदार बदलतो, लॅपटॉप तिथेच राहतो. तेव्हा मूळ प्लॅन काकांचा, त्यांच्या खर्चाने. लॅपटॉपसाठी टाकलेला प्रत्येक जादा पॅक सोसायटीच्या किरकोळ खर्चातून. कंपनीच्या अ‍ॅपमधून रिचार्जची पावती पीडीएफमध्ये मिळते. ती छापून व्हाउचरला जोडायची. ऑडिटरना विचारून घेतलं, पावती असेल तर त्यांची हरकत नाही. 49 रुपयांचं व्हाउचर, त्यावर काकांची सही आणि चेअरमनची सही, हे बघून मला हसू आलं, पण काकांना ते अगदी योग्य वाटतं.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत गेटवर सीसीटीव्ही बसवण्याचा ठराव आहे. कॅमेरे मोबाइलवर पाहायचे असतील तर खोलीत ब्रॉडबँड घ्यावंच लागेल, आणि मग लॅपटॉपचंही काम त्यावरच होईल. ठराव गेली दोन वर्षं खर्चावरून अडलाय. काकांनी 84 दिवसांचं पुढचं रिचार्ज करून टाकलंय.